बालहक्क सप्ताह: गावात भाषण आणि छायाचित्रे कशी वापरावीत?

आर्णीची कार्यकर्ती

सर्वांना नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात काम करणारे काही स्वयंसेवक आहोत. आमच्यात महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आहेत, एक अंगणवाडी सेविका आहेत आणि लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून पोट भरणारा एक तरुणही आहे. १४ नोव्हेंबरच्या बालदिनापासून २० नोव्हेंबरच्या जागतिक बालदिनापर्यंत आसपासच्या गावांमध्ये बालहक्कांविषयी भाषणे करावीत आणि त्यांच्या जोडीला एक फिरते छायाचित्र प्रदर्शन ठेवावे, असे आम्ही ठरवले आहे. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्क संहिता संमत केली आणि ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने ती स्वीकारली, एवढे आम्हाला फलकावर लिहिता येते. परंतु ज्या बाईची मुलगी आज शाळा बुडवून तिच्यासोबत कापूस वेचायला वावरात गेली आहे, तिच्यापुढे उभे राहून या तारखा सांगण्यात काय हशील, हे आम्हाला उमगलेले नाही.

अडचणी दोन आहेत. पहिली छायाचित्रांची. आमच्या मित्राने एका वावरात काढलेले एक छायाचित्र फार बोलके आहे. दहा-अकरा वर्षांची मुलगी, कमरेला कापसाची ओटी, अंगात शाळेच्या गणवेशाचा जुना झगा, आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) सुकलेल्या बोंडांची टोके लागून बोटांवर उठलेले ओरखडे. ते पाहणारा प्रत्येक जण गप्प होतो. मात्र ते गावात लावले तर ती कोणाची मुलगी हे सगळे ओळखतील. चेहरा दिसल्याशिवाय माणसाचे मन हलत नाही, असे आमच्यातील काहींचे म्हणणे आहे; तर तिला उद्या याच गावात, याच वर्गात बसायचे आहे, असे आमच्या सेविकाताई म्हणतात.

दुसरी अडचण भाषणाची. तालुक्यात झालेल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांनी माईक हातात घेताच ‘मुलांना कामाला लावणे हा गुन्हा आहे’ असे बजावले आणि मागच्या बाजूला बसलेल्या बाया एकेक करून उठून गेल्या. ज्यांच्याशी बोलायचे होते, त्याच निघून गेल्या. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षक, दिग्रस

ताई, तुम्ही निवडलेला आठवडा कापूस वेचणीच्या ऐन हंगामातला आहे, हे आधी लक्षात घ्यावे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितके हात जास्त, तितका कापूस जास्त आणि तितके पैसे जास्त, हे साधे गणित मुलांना वावरात नेते; आईवडिलांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही म्हणून मुले वावरात जातात, असे मानून केलेले भाषण पहिल्याच वाक्याला फसते. त्याच कारणाने दिवसा कार्यक्रम ठेवला तर तुमच्यापुढे शाळेत आलेली मुले आणि पारावर बसणारे म्हातारे एवढेच असतील. रात्रीची जेवणे आटोपल्यावर, समाजमंदिरात किंवा वस्तीतच एखाद्या मोकळ्या अंगणात बसावे.

बोलण्याच्या पद्धतीसाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. गाडगेबाबा याच अमरावती-अकोल्याच्या मुलखात कीर्तन करीत, तेव्हा ते उपदेश करण्याऐवजी प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्या तोंडून काढून घेत. तुम्हीही तसेच करावे. यंदा वेचणीचा दर काय चालला आहे? पोरीच्या हाताने दिवसाकाठी किती कापूस येतो? दिवाळीनंतर ती किती दिवस शाळेत गेली नाही? तिचे पाढे कुठवर आले होते आणि आता कुठे थांबले आहेत? ही उत्तरे बायांनी स्वतः दिली की हिशेब त्यांचा त्यांनाच दिसतो. तुम्ही तो मांडून दाखवण्याची घाई करू नये.

कायदा सांगायचा तर नेमका सांगावा. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आहे; परंतु शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत, धोक्याचे नसलेल्या कामात कुटुंबाला मदत करण्यास कायद्याने मुभा ठेवली आहे. म्हणजे संध्याकाळी स्वतःच्या वावरात आईला हातभार लावणारी मुलगी आणि शाळेच्या वेळेत दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेलेली मुलगी यांत फरक आहे. सरसकट ‘गुन्हा’ म्हटले की हा फरक पुसला जातो आणि जिने काही चुकीचे केलेले नाही अशी आईदेखील दुखावते. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्यातील सक्ती मुख्यतः शासनावर आहे, पालकांवर नाही, हे मी प्रत्येक सभेत सांगत असे. ते ऐकल्यावर लोकांची मान वर होते, कारण तोवर सगळे त्यांनाच जाब विचारत आलेले असतात.

आणखी एक. मुलांकडून भाषणे पाठ करून घेऊ नका. ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून सुरू होणारे, शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण ऐकताना पालक कौतुकाने टाळ्या वाजवतात आणि विषय तिथेच संपतो. बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित बाबींवर आपले मत मांडण्याचा हक्क दिला आहे. त्यात मत मुलाचे असणे महत्त्वाचे आहे. एखाद्या मुलीने वऱ्हाडीत एवढेच सांगितले, की घरी लहान भाऊ सांभाळायला कोणी नसते म्हणून ती शाळेत येत नाही, तर गावाला पुढचा प्रश्न आपोआप सापडतो: वेचणीच्या दिवसांत लहान लेकरांना ठेवायचे कुठे? अंगणवाडी दुपारी लवकर बंद होते आणि आई परत येते दिवेलागणीला. हा मधला वेळ कसा भरून काढायचा, यावर गावात बोलणे झाले तर तुमचा कार्यक्रम कारणी लागला असे मी समजेन.

छायाचित्रकार, अमरावती

गुरुजींनी भाषणाविषयी लिहिले आहे, त्यामुळे मी छायाचित्रांपुरते लिहितो.

तुमच्या गटात जो वाद चालू आहे, तो शंभर वर्षांहून जुना आहे. १९१९ साली एग्लंटाइन जेब या बाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात, महायुद्धानंतरच्या नाकेबंदीमुळे उपाशी राहिलेल्या ऑस्ट्रियातील बालकांची छायाचित्रे असलेली पत्रके वाटली. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था उभी केली आणि त्यांनी तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने स्वीकारला. भुकेल्या मुलाच्या छायाचित्रात किती ताकद असते, याचा तो पुरावाच आहे. परंतु त्या पत्रकातील मूल दुसऱ्या देशातले होते आणि पाहणारे लंडनचे होते. तुमच्याकडे छायाचित्रातील मूल आणि पाहणारे लोक एकाच गल्लीत राहतात. त्यामुळे जे तिथे चालले, ते इथे चालणार नाही.

दुसरे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते. अमेरिकेत लुईस हाइन हे पूर्वी शिक्षक असलेले छायाचित्रकार १९०८ पासून राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी कापड गिरण्या, खाणी आणि शेतमळ्यांवर फिरून काम करणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढीत. मालकाला संशय येऊ नये म्हणून ते कधी विमा एजंट, कधी पोस्टकार्ड विकणारे बनून आत शिरत. मुलाची उंची ते आपल्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून ठरवीत आणि त्याचे वय, काम, कामाचे तास यांची नोंद ठेवीत. ही छायाचित्रे व्याख्यानांतून आणि प्रदर्शनांतून दाखवली गेली. बालमजुरीवर टिकाऊ स्वरूपाचा केंद्रीय कायदा तिथे यायला मात्र १९३८ साल उजाडले. हाइन यांच्याकडून मी घ्यायला सांगेन ती नोंद. छायाचित्राखाली लिहिलेली दोन खरी वाक्ये नसतील तर पाहणारा हळहळतो आणि पुढे जातो. त्यांनी मुलांची नावे आणि चेहरे दाखवले, ते मात्र आपण आज करू नये.

तुमच्या त्या छायाचित्रात ओरखडे उठलेली बोटे आहेत. तेवढीच घ्या. हात, ओटी, बोंड. चौकट जवळून धरा म्हणजे चेहरा कापावा लागणार नाही आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारण्याची वेळही येणार नाही. ती पट्टी मला कधीच पटलेली नाही. गावात पट्टी मारूनही माणूस ओळखू येतोच, वर ते मूल एखाद्या आरोपीसारखे दिसते. गणवेशाचा रंग, कानातले डूल, मागे दिसणारे घर किंवा बैल यांवरूनही ओळख पटते, म्हणून पार्श्वभूमीही तपासावी. त्या मुलीला आणि तिच्या आईला छायाचित्र मोबाइलवर दाखवून, ते कुठे लागणार आहे हे सांगून, मगच पुढे जावे. दोघींपैकी एकीने जरी नको म्हटले तरी ते लावू नये.

याहूनही चांगला मार्ग म्हणजे कॅमेरा मुलांच्याच हातात देणे. दोन-तीन मुलांमागे एक मोबाइल पुरतो. विषय मोठा देऊ नका. ‘बालहक्क’ म्हटले की मुले एकमेकांना खोटे खोटे पुस्तक वाचायला बसवून छायाचित्र काढतात. ‘घरापासून शाळेपर्यंतची वाट’ असे सांगा, किंवा ‘जिथे खेळायला मिळते ती जागा आणि जिथे मिळत नाही ती जागा’. वणी भागातील मुलांसोबत असे काम केले, तेव्हा एका मुलाने शाळेच्या शौचालयाच्या दाराची आतली बाजू टिपली होती. कडी तुटलेली आणि तिच्या जागी सुतळीचा एक तुकडा बांधलेला. मोठ्यांनी ते दार बाहेरून कितीदा तरी पाहिले असेल. आतून ते फक्त मुलेच पाहतात. दुसऱ्या एकीने घरातील पाण्याच्या रांजणाशेजारचा डबा टिपला. तो कीटकनाशकाचा रिकामा डबा होता आणि घरात पाणी काढायला वापरला जात होता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आठवणाऱ्या गावाला त्या छायाचित्राखाली फार काही लिहिण्याची गरज पडली नाही. दोन्ही छायाचित्रांत एकाही मुलाचा चेहरा नव्हता.

वकील, पांढरकवडा

छायाचित्रकार भाऊंनी सांगितले त्याला कायद्याचाही आधार आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार कामगार कायद्यांचा भंग करून कामावर ठेवलेले मूल आणि अल्पवयात लग्न होण्याचा धोका असलेले मूल, ही दोन्ही ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके’ ठरतात. अशा बालकाविषयीच्या चौकशीच्या, तपासाच्या किंवा न्यायालयीन प्रक्रियेच्या वृत्तात त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करण्यास कलम ७४ ने मनाई केली आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदर्शन म्हणजे काही चौकशीचे वृत्त नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आज भिंतीवर लावलेल्या छायाचित्रातील मुलीविषयी उद्या तक्रार दाखल झाली, तर तिची ओळख तुम्ही आधीच जगजाहीर केलेली असेल आणि ती परत घेता येणार नाही. म्हणून कायद्याची किमान मर्यादा गाठण्यापेक्षा चार पावले मागे राहावे.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ याहून कडक आहे. त्यात छायाचित्र, कुटुंबाचा तपशील आणि शेजारपाजारसुद्धा येतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद ठेवावी. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले तर ती नोंद निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर तशीच राहते. हे मुलांनाही शिकवावे, कारण छायाचित्रे काढणार तेच आहेत.

आर्णीची कार्यकर्ती

गुरुजी, भाऊ आणि वकीलसाहेब, तिघांचेही मनापासून आभार. आम्ही वावरातील छायाचित्राचा फक्त हातांचा भाग घेण्याचे ठरवले आहे, आणि तोही त्या मायलेकींना विचारूनच.

यातून एक नवा प्रश्न निर्माण झाला. मुलांना स्वतः बोलू द्यायचे आणि स्वतः छायाचित्रे काढू द्यायची, तर त्यांतून असे काही बाहेर आले की जे सभेत दाखवण्यासारखे नाही, तर काय करावे? उदाहरणार्थ, एखाद्या मुलीने स्वतःच्या ठरलेल्या लग्नाविषयी सांगितले, किंवा कोणी तिला त्रास देत असल्याचे सांगितले. आमच्यातील बहुतेकांचे वय वीस-बावीस आहे आणि हा भार आम्हाला पेलेल का, याची काळजी वाटते.

वकील, पांढरकवडा

ही काळजी रास्त आहे आणि तयारी आधीच करून ठेवावी.

सभेत कोणीही मुलांना ‘तुझ्यासोबत काही वाईट घडले आहे का’ असे विचारू नये. मुलांची सगळी छायाचित्रे आणि त्यांना जे बोलायचे आहे ते, आधी तुमच्या गटातील दोन जाणत्या व्यक्तींनी त्यांच्यासोबत शांतपणे बसून पाहावे आणि ऐकावे. त्यांपैकी एक स्त्री असावी. लैंगिक अत्याचाराची गोष्ट समजली तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे पोक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली अपराध आहे. घरच्यांनी गावातच मिटवून घेऊ म्हटले तरी हे बंधन सुटत नाही. हे मुलीला विश्वासात घेऊन सांगावे. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन तिला कधीही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. आणि तिच्याकडून ती हकिगत पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये.

बालविवाहाच्या बाबतीत, मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण नसेल तर २००६ चा कायदा लागू होतो. गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीलाही कळवता येते, मात्र समितीतील कोणी त्याच घरातले नातेवाईक नाहीत ना, ते पाहावे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मूल स्वतःही त्यावर फोन करू शकते. हा क्रमांक प्रदर्शनात ठळक अक्षरांत लावावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

धारणीची सेविका

मी मेळघाटात काम करते. आमच्या भागाची छायाचित्रे १९९० च्या दशकापासून सगळ्यांनी काढली आहेत. बरगड्या दिसणारे लेकरू, त्याला मांडीवर घेतलेली आई आणि मागे कुडाची भिंत. ती छायाचित्रे मुंबईपर्यंत पोहोचली आणि त्यामुळे योजनाही आल्या, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या आयांची ती छायाचित्रे होती, त्यांना ती कोणी आणून दाखवली नाहीत. एका संस्थेच्या फलकावर आमच्या गावातील लेकराचा चेहरा छापला गेला होता आणि त्याच्या आईला ते परतवाड्याच्या बाजारात गेल्यावर कळले. तेव्हापासून गावात कोणी कॅमेरा बाहेर काढला की बाया लेकरांना पदराआड घेतात.

म्हणून माझी विनंती आहे की छायाचित्रे आधी गावातच दाखवावीत. तालुक्याला, जिल्ह्याला, मोबाइलवर, सगळीकडे नंतर. आणि ज्याने जे छायाचित्र काढले त्याला त्याची एक प्रत घरी न्यायला द्यावी.

आमच्याकडे नोव्हेंबरचा आठवडा कामाचाच नाही, कारण दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे कामाच्या शोधात खाली उतरतात. वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, शेतमजुरीला. होळीला मात्र इथला कोरकू आदिवासी माणूस कुठेही असला तरी गावी येतो, त्यामुळे आम्ही मुलांच्या हक्कांविषयी जे बोलायचे ते होळीच्या दिवसांत बोलतो, आणि कोरकूतच बोलतो. बोलण्याचा विषयही तेव्हा नेमका असतो: पुढच्या दिवाळीनंतर आईवडील गेले तरी मूल मागे राहून शिकू शकेल असे हंगामी वसतिगृह आपल्या शाळेत सुरू व्हावे, त्यासाठी नावे आत्ताच द्या. आर्णीच्या ताईंनीही आपल्या गावांतील कोण कधी गावात असते, याचा विचार करून दिवस ठरवावेत. बालदिन चुकला तरी चालेल.

झाडीपट्टीतला नाट्यकर्मी, देसाईगंज

सेविकाताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर धानाची कामे उरकत आली की गावोगाव रात्रभर नाटके होतात आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने पाहुण्यांनी घरे भरलेली असतात. वेगळी सभा बोलावली तर जी माणसे येणार नाहीत, ती सगळी तिथे आधीच बसलेली असतात. नाटक भरवणाऱ्या मंडळाला विनंती केली तर दोन अंकांच्या मधली पाच-सात मिनिटे मिळतात. त्या वेळात भाषण ठोकू नये. गावातीलच दोन मुलींनी एक छोटा प्रसंग करावा: एकीच्या हातात दप्तर, दुसरीच्या कडेवर लहान भाऊ, आणि दोघींचा वाटेवरचा संवाद. आमचा प्रेक्षक दंडार हे लोकनाट्य पाहत वाढलेला आहे, त्याला हा प्रकार समजावून द्यावा लागत नाही. मात्र रात्री उशिरा मुलांना जागवू नका. पहिल्या मध्यंतरात त्यांचे काम संपवून त्यांना घरच्यांसोबत पाठवावे.

निवृत्त शिक्षक, दिग्रस

छायाचित्रकार भाऊंनी लिहिलेली ती तुटलेली कडी मनातून जात नाही, म्हणून पुन्हा लिहितो. अशी छायाचित्रे नुसती भिंतीवर लावून ठेवू नयेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. प्रदर्शनाच्या रात्री सरपंच, ग्रामसेवक आणि या समितीचे अध्यक्ष यांना आवर्जून बोलवावे आणि ज्या मुलाने छायाचित्र काढले, त्यानेच ते त्यांना दाखवावे. तुम्ही शेजारी उभे राहावे, पण बोलू त्याला द्यावे. ग्रामसभेपूर्वी बालसभा घेतली, तर त्याच मागण्या ठरावाच्या रूपाने ग्रामसभेत मांडता येतात. २६ जानेवारीची ग्रामसभा तुमच्या कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी येते. तोवर अर्ज लिहून, त्याला छायाचित्राची प्रत जोडून, पोच घेऊन ठेवावी.

आर्णीची कार्यकर्ती

गुरुजी, पोच घेण्याची सूचना फार मोलाची आहे. आम्ही गटात बसून आता असे ठरवले आहे: १४ ते २० नोव्हेंबर या आठवड्यात एकच गाव घ्यायचे आणि तेही मुलांना छायाचित्रे काढायला शिकवण्यासाठी. प्रदर्शन आणि बोलणे वेचणी संपल्यावर, रात्री, वस्तीत. बालसभा जानेवारीत. बाकीची गावे पुढच्या वर्षी.

छायाचित्रकार भाऊ, एक शेवटची विचारणा. समाजमंदिरात एकच बल्ब आहे आणि छपाईसाठी पैसे बेताचेच आहेत. छायाचित्रे किती मोठी छापावीत?

छायाचित्रकार, अमरावती

आठ बाय बारा इंचांच्या आकारात, चमक नसलेल्या कागदावर छापा. चमकदार कागदावर बल्बचा उजेड परावर्तित होतो आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. संख्या कमी ठेवा, पण आकार लहान करू नका, कारण म्हाताऱ्यांनाही ती पाहायची आहेत. भिंतीला खिळे ठोकण्याऐवजी सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावली तर तीच छायाचित्रे दुसऱ्या गावात नेता येतील. खालची ओळ मुलाच्या स्वतःच्या अक्षरात, जाड स्केचपेनने लिहून घ्या. मात्र त्याखाली त्याचे नाव टाकायचे की नाही, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारूनच ठरवा. वीज जाण्याची शक्यता धरून चार्जिंगचे दोन दिवे सोबत ठेवावेत. तुमचा लग्नाची छायाचित्रे काढणारा मित्र आहे, त्याच्याकडे ते असतीलच.